कॉम्प्युटर सारखा रिस्टार्ट होऊन राहिला, सोमवारी प्रबंध द्यायचाय, मदत हवी

महालची_अक्षरजुळणी
चार दिवसांपासून कॉम्प्युटर मधेच रिस्टार्ट होतो. निळा स्क्रीन नाही, मेसेज नाही, फटकन काळा आणि परत सुरू. विंडोज फॉरमॅट करून झालं. दुकानदारानं रॅम बदलून दिली, पैसे घेतले, तिथे दिवसभर नीट चाललं, घरी आणल्यावर तेच. एका विद्यार्थिनीचा ३१२ पानांचा प्रबंध आहे, सोमवारी छापायला जायचा. आज तळटिपांचं दोन तासांचं काम गेलं. फॉरमॅट करा असं कृपया कोणी सांगू नका. लवकर सांगा.

संत्रानगरी
प्रोसेसर कोणता? एसएमपीएस, म्हणजे आतला वीज पुरवणारा डबा, किती वॉटचा? मशीन किती वर्षांचं? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार, ताई.

गच्चीवरचा
नागपूर, मे महिना, पारा ४५ ला टेकलेला. प्रोसेसर तापतो, दुसरं काही नाही. कॅबिनेटची बाजू उघडा, समोर टेबलफॅन लावा. प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल, नवी लावा. माझं मशीन दोन उन्हाळे असंच बंद पडायचं. पेस्ट लावली आणि थांबलं.

सोल्डरकाका
पेस्टला हरकत नाही. पण प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो. काम रखडतं, पंखा ओरडतो, आणि तरी भागलं नाही तर मशीन बंद पडतं. ताईंना रखडणं दिसलेलं नाही. ताई, दोन गोष्टी करा. धिस पीसीच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, तिथे स्टार्टअप अँड रिकव्हरी, आणि 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'ची खूण काढा. बिघाड विंडोजचा असेल तर आता निळा स्क्रीन तसाच थांबेल. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम, आणि रिस्टार्टच्या वेळेची लाल नोंद बघा. तिचा क्रमांक सांगा.

नवा_आयडी७
विंडोज १० असेल तर त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स टाका, सगळे त्रास जातील.

संत्रानगरी
तीनशे पानांचा प्रबंध तळटिपांसकट अर्धवट असताना लिनक्स? सोमवार आहे हो त्यांचा.

महालची_अक्षरजुळणी
आय५ दहावी पिढी, ८ जीबी रॅम, ४५० वॉटचा एसएमपीएस, पाच वर्षं झाली. खूण काढली, तरी तसाच रिस्टार्ट झाला, निळं काही दिसलं नाही. लाल नोंद: कर्नल-पॉवर ४१. आत बगचेककोड ०.

सोल्डरकाका
४१ म्हणजे मशीन रीतसर बंद न होता गेलं, एवढंच. पण कोड शून्य, म्हणजे विंडोजला गडबड टिपायलाही वेळ मिळाला नाही. वीज किंवा एसएमपीएस. रॅमचे पैसे बहुधा उगाच गेले. आता सांगा, यूपीएस आहे का? कधीचा?

गच्चीवरचा
काका, ४१ उष्णतेनंही येतो. एचडब्ल्यूमॉनिटर टाकून तापमान बघायला लावा आधी.

सोल्डरकाका
येतो, मान्य. बघू देत, दोन मिनिटांचं काम आहे. पण दुकानात दिवसभर चाललं आणि घरी चालत नाही, हे तुम्ही सोडून दिलंत. मशीन तेच आहे. घरी वेगळं काय आहे ते शोधायचं.

महालची_अक्षरजुळणी
तापमान ६८ च्या वर गेलं नाही. यूपीएस आहे, मशीनसोबतच घेतला होता. बॅटरी कधी बदलली नाही. हो, एक राहिलं. रिस्टार्ट जास्त करून दुपारी एकनंतर. सकाळी कधीच नाही. म्हणूनच मलाही वाटलं उन्हानं होतं.

बर्डीचा_इलेक्ट्रिशियन
दुपारी एकला घरात काय लावता?

महालची_अक्षरजुळणी
कूलर. तो तर सगळेच लावतात.

बर्डीचा_इलेक्ट्रिशियन
कुठल्या बोर्डावर?

महालची_अक्षरजुळणी
यूपीएस आहे त्याच एक्स्टेंशनवर. खोलीत एकच प्लग आहे, जुनं घर आहे आमचं.

सोल्डरकाका
सापडलं बहुतेक. कूलरची मोटर सुरू होताना क्षणभर बराच करंट ओढते, त्या बोर्डावरचा विजेचा दाब खाली येतो. यूपीएसला वाटतं लाइट गेली, तो बॅटरीवर जातो. बॅटरी पाच वर्षांची. इथल्या उन्हात तिनं तीन वर्षं काढली तरी खूप. ती तिथेच कोसळते. एसएमपीएस पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलीसेकंद कळ काढतो, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचं एक आवर्तनच २० मिलीसेकंदांचं. तेवढ्यात मेन्स परत येते आणि मशीन नव्यानं सुरू होतं.

गच्चीवरचा
पण कूलर तर एकदाच सुरू होतो. दिवसातून चार-पाचदा रिस्टार्ट का व्हावा?

बर्डीचा_इलेक्ट्रिशियन
बरोबर प्रश्न. म्हणून मला त्या एक्स्टेंशनचा संशय आहे. पिन ढिली असेल तर कूलर चालू असताना ठिणग्या उडत राहतात आणि दाब वरखाली होतो. ताई, मेन स्विच बंद करून कूलरची पिन काढा आणि नीट बघा.

वाचनवेडी
कूलरचा विषय निघालाच आहे तर विचारते, हनीकोंब पॅड की लाकडाचा भुसा? आमच्याकडे हनीकोंबला खसचा वास येत नाही.

संत्रानगरी
भुसाच. दरवर्षी बदलावा लागतो, पण गारवा त्याचाच. ताई, कूलरची हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर तोंड फिरवा. ओली हवा आणि धूळ मिळून आत चिखल करते.

महालची_अक्षरजुळणी
पिन काढली. एका बाजूनं काळी पडली आहे, आणि भोकाजवळचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळल्यासारखं झालंय. हात लावला तर गरम. चार वर्षं रोज तिथेच हात घालत होते मी. भीती वाटली बघून.

बर्डीचा_इलेक्ट्रिशियन
तो बोर्ड आजच फेकून द्या. यातूनच आग लागते. कूलरला स्वतंत्र प्लग काढून घ्या, जाड वायर आणि अर्थिंगसकट. पाण्याचं यंत्र आहे, अर्थिंगशिवाय चालवूच नका.

सोल्डरकाका
आणि बॅटरीची परीक्षा घ्या. कॉम्प्युटर काढून यूपीएसवर फक्त टेबललॅम्प लावा आणि भिंतीतली पिन ओढा. लॅम्प किती वेळ टिकतो ते सांगा.

महालची_अक्षरजुळणी
टिकलाच नाही. पिन ओढली, 'टिक' आवाज आला आणि लॅम्प गेला.

सोल्डरकाका
मग बॅटरी गेली. उघडून छापा बघा, बहुधा १२ व्होल्ट ७ एएच. बर्डीच्या बाजारात मिळेल. लाल वायर लाललाच लावायची. जुनी कचऱ्यात टाकू नका, दुकानदार घेतो.

महालची_अक्षरजुळणी
रविवार रात्र. बॅटरी फुगून अशी अडकली होती की भावानं यूपीएसचा डबा आडवा करून ओढून काढली. कूलरला खिडकीपाशी वेगळा प्लग घेतला. काल आणि आज दुपारभर कूलर चालू, एकदाही रिस्टार्ट नाही. तळटिपा पूर्ण झाल्या, पीडीएफ करून पेन ड्राइव्हवर ठेवली आहे, सकाळी छापायला जाईल. काका, दादा, तुमच्यामुळे त्या मुलीचा प्रबंध वेळेत जातोय, मनापासून आभार. एकच विचारायचं राहिलं. दुकानदारानं काढलेली जुनी रॅम त्याच्याकडेच आहे, ती मागू का?

सोल्डरकाका
हक्कानं मागा, तुमचीच आहे. मदरबोर्डावर जागा असेल तर नवीसोबत लावा, मोठ्या फाइलींना कामी येईल. मात्र लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा आणि मगच नवं काम हाती घ्या.