बर्मिंगहॅमचा कार्गो अपघात: 'पायलट झोपले नाहीत, चूक त्यांची' हे पटत नाही

निशाचर: काल इथे कुणीतरी यूपीएस 1354 (यूपीएस या कुरियर कंपनीचं मालवाहू विमान) अपघाताचा एका ओळीत निकाल लावला, 'सुट्टीत झोपायचं सोडून फिरलात तर विमान पडणारच'. डोकंच फिरलं. 14 ऑगस्ट 2013, अलाबामातलं बर्मिंगहॅम, पहाटे पावणेपाच. मोठी धावपट्टी लाइटच्या कामासाठी पाचपर्यंत बंद, म्हणून छोट्या 18 नंबरच्या धावपट्टीवर, तिथे ग्लाइडस्लोप (किती उतारानं खाली यायचं ते दाखवणारा रेडिओ सिग्नल) नाही आणि ढग सांगितले त्यापेक्षा खाली. किलोमीटरभर अलीकडेच झाडं, विजेच्या तारा तोडत एअरबस आपटलं, दोघंही गेले. त्याच फ्लाइटच्या रेकॉर्डिंगमध्ये दोघं बोलतायत की विश्रांतीचे नवे नियम पॅसेंजरवाल्यांनाच का, आम्हाला का नाही. मागे माणसांऐवजी खोकी असली की पायलटला झोप कमी लागते का?

दक्षिणवारा: अपघाताच्या चौकशीचा रिपोर्ट वाचा आधी. कॉम्प्युटरमध्ये रूट नीट भरला नाही म्हणून उतरायचा मार्ग पकडलाच नाही, कॅप्टनने न सांगता व्हर्टिकल स्पीड (ठरावीक वेगानं खाली नेणारा ऑटोपायलटचा मोड) लावला, मिनिटाला 1500 फूट, आणि 1200 फुटांना 'मिनिमम्स' (धावपट्टी दिसल्याशिवाय याच्या खाली जायचं नाही, ती उंची) पुकारायचं ते फर्स्ट ऑफिसरकडून, म्हणजे सहवैमानिकाकडून, राहिलं. त्यांची ड्युटी नव्या नियमातही बसत होती. मोकळा वेळ होता, झोपायला हवं होतं.

तिसरीपाळी: 'मोकळा वेळ होता' हे दिवसा काम करणारेच म्हणतात. चाकणला 11 वर्षं रात्रपाळी केली मी. आठला घरी, साडेआठला कुकरच्या शिट्ट्या, मग भंगारवाला, मग वरच्या मजल्यावर ड्रिल, खिडकीला गोधडी लावून पडायचो. पाचव्या रात्री प्रेससमोर उभ्या उभ्या डोळा लागला, मधलं बोट अर्धं गेलं. चौकशीत लिहिलं 'कामगाराचा निष्काळजीपणा'.

मोगरा७: वाईट वाटलं, पण माझी आई 28 वर्षं रात्रपाळीची नर्स होती, एक चूक नाही. झोप ही शिस्त आहे, ज्याची त्याने पाळायची.

तिसरीपाळी: आईला विचारलंत कधी? की तुम्हीच ठरवलंत? बोट माझं गेलंय, शिस्त मला शिकवू नका.

दक्षिणवारा: भांडू नका. नियम सगळ्यांना एकच हवा, एवढं मान्य करतो. पण 'मिनिमम्स' पुकारायला नियम बदलावा लागत नाही.

निशाचर: पुकारलं का गेलं नाही तेच तर विचारतोय! फर्स्ट ऑफिसरचा थकवा रिपोर्टमध्येच आहे ना?

दक्षिणवारा: आहे. पण तिने मिळालेला वेळ नीट वापरला नाही, हेही तिथेच आहे.

मोगरा७: आत्ता फोन करून विचारलं आईला. गप्प झाली. मग म्हणाली, एकदा पहाटे खुर्चीतच डोळा लागला, सलाइन संपून नळीत रक्त चढलेलं. पेशंटला काही झालं नाही. घरी कधी सांगितलं नव्हतं. शिस्तीबद्दल माझं मत तेच आहे, पण 'एक चूक नाही' हे मागे घेते.