एचओ लेआउट: उलट्या वळणावर आयसीएफ डबे घसरतात

प्रश्न: 8 बाय 4 फुटी प्लायवर एचओ मापाच्या (1:87) मॉडेल रेल्वेचा लेआउट, म्हणजे रुळांची मांडणी, आहे, वळणांची त्रिज्या 18 इंच. मालडबे नीट फिरतात, पण आयसीएफ डबे (इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या घडणीचे प्रवासी डबे) उलट्या वळणावर (एका वळणाला लागून विरुद्ध दिशेचं वळण) हमखास रुळावरून उतरतात. चाकं बदलू का?

प्रतिसाद 1: चाकांचा दोष वाटत नाही, त्रिज्याच कमी पडतेय. आयसीएफ डबा 1:87 मध्ये साधारण 24.5 सेंमी भरतो. त्रिज्या त्याच्या तिप्पट, म्हणजे 73 सेंमी असली तर उत्तम. तुमची जेमतेम 46 आहे. या फळीवर 22 इंचांपलीकडे जाता येणार नाही. पण दोन वळणांमध्ये डबाभर लांबीचा सरळ रूळ टाकाच. तो नसला की लगतच्या डब्यांची टोकं विरुद्ध बाजूंना जातात आणि कपलर (डबे जोडणारा आकडा) बोगीला (डब्याखालच्या चाकांच्या गाड्याला) आडवं खेचतो.

प्रतिसाद 2: सहमत. कपलर डब्याच्या बॉडीऐवजी बोगीवर बसवून बघा. मात्र गाडी मागे ढकलताना तेच डबे उतरू शकतात, यार्डात जपून. वजनही तपासा, एवढ्या डब्याला सुमारे 165 ग्रॅम हवं. वजनाच्या पट्ट्या डब्याच्या तळालाच चिकटवा.

प्रतिसाद 3: एका बोगीचा स्क्रू फक्त फिरण्यापुरता सैल ठेवा, दुसरीचा जरा जास्त, डोलेल इतका. दोन्ही घट्ट असल्या तर रूळ किंचित पिळलेला असला तरी एक चाक अधांतरी राहतं.