पावसाळ्यात बाल्साच्या पंखाला पीळ: शीटिंगआधी काय करावं?

रिब_मोजणारा (मुलुंड)

किटमधलं रिमोटवर उडणारं मॉडेल विमान बांधायला घेतलंय: हाय-विंग ट्रेनर, म्हणजे वर पंख असलेलं, शिकाऊंसाठीचं. स्पॅन (टोकापासून टोकापर्यंत) १५०० मिमी, कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) २२० मिमी, पंख खालून सपाट, इलेक्ट्रिक, ४ चॅनल. प्लॅनवर उडतं वजन १३०० ग्रॅम दिलंय. रिब्ज (पंखाला आकार देणाऱ्या फळ्या) २ मिमी बाल्साच्या (हलकं लाकूड), स्पार (पंखाच्या लांबीच्या वर-खाली दोन काठ्या) ६×६, शीटिंग (पातळ बाल्साचं आवरण) १.५ मिमी. पंखाचे दोन्ही अर्धे रिब्ज, स्पार, लीडिंग (पुढची) आणि ट्रेलिंग (मागची) एजपर्यंत तयार आहेत. वेब (दोन स्पारांमधली उभी फळी) आणि शीटिंग बाकी आहे, अर्धे एकमेकांना जोडलेले नाहीत.

उजवा अर्धा पाटावर सपाट बसतो. डाव्याची मुळाकडची रिब दाबली की टोकाला लीडिंग एज ६ मिमी वर उचलली जाते. जोड बरेचसे फेविकॉलचे, काही फेविक्विकचे. फेविक्विकच्या जोडांभोवती पांढरी भुकटी जमलीय.

१) डावा पंख मोडून पुन्हा बांधावा का? २) पांढरे पडलेले जोड कच्चे धरायचे का? ३) दिवाळीपर्यंत काम थांबवावं का?

खडूस_सुतार (गिरगाव)

मोडू नका. वेब आणि शीटिंग नसलेला पंख म्हणजे नुसती शिडी, दोन बोटांनी पिळला तरी पिळतो. स्पारच्या पुढे वर-खाली शीट आणि स्पारांमध्ये वेब लागले की बंद पेटी होते. त्या क्षणी पंखात जो पीळ असेल तो कायमचा. म्हणजे तुमची खरी वेळ आत्ता आहे.

पण ६ मिमी तसंच ठेवून पुढे जाऊ नका. २२० मिमी कॉर्डवर ६ मिमी म्हणजे दीड अंशाहून थोडं जास्त, आणि तेही उलट्या बाजूने: टोकाचं नाक वर. अशा विमानाला सरळ उडताना डावा पंख जास्त उचल देतो, म्हणून ते उजवीकडे झुकतं. एलेरॉनचा (पंखाच्या मागच्या हलत्या पट्ट्यांचा) ट्रिम देऊन, म्हणजे त्यांना कायमचा थोडा कल देऊन, तुम्ही ते सरळ करता आणि सगळं ठीक वाटतं. उतरताना वेग पडला की तेच डावं टोक आधी स्टॉल होतं, म्हणजे उचल गमावतं, आणि विमान डावीकडे कोसळतं. ट्रिमने हा दोष झाकला जातो, जात नाही.

आधी नुसता पीळच आहे का ते बघा. स्पार टोकाकडून एक डोळा मिटून बघा. स्पारच धनुष्यासारखा वाकला असेल तर तो बदला. सरळ असेल तर असं करा:

पाट सपाट हवा. फ्लश डोअरचा तुकडा किंवा १८ मिमी एमडीएफ, वर टाचण्या घुसतील असा सॉफ्टबोर्ड. स्टीलची पट्टी उभी धरून चारही दिशांनी तपासा, खालून उजेड दिसता कामा नये. जेवणाच्या टेबलावर सनमायकाची काठ उचललेली असते, त्यावर भरवसा नको. प्लॅनवर स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म पसरा, नाहीतर पंख प्लॅनसकट उचलाल.

खालची शीट आधी पाटावर टाचा, तिच्यावर सांगाडा ठेवा. शीट १.५ मिमी जाड, म्हणून स्पारच्या मागे प्रत्येक रिबखाली १.५ मिमीची पट्टी सरकवा. ही पट्टी विसरली की पंख मागे झुकतो आणि नवाच घोळ होतो. लीडिंग एजकडे खालची बाजू वर वळते, तिथे शीटखाली पाचरीसारखी पट्टी द्या. आता टोकाच्या ट्रेलिंग एजखाली आणखी ३ मिमीची चिप. हा वॉशआउट, म्हणजे टोकाचं नाक मुद्दाम थोडं खाली, साधारण पाऊण अंश. उजव्यालाही तेवढाच, एका चिपचे दोन तुकडे करून वापरा.

सांगाडा हलक्या हाताने खाली बसला पाहिजे. कुठे जोर लावावा लागला तर त्या रिबचा जोड ब्लेडने सोडवून पुन्हा चिकटवा.

मग वेब: १.५ मिमी बाल्सा, लाकडाच्या रेषा उभ्या. आडव्या रेषांचा वेब बसवायला सोपा, पण भार आला की स्पार एकमेकांकडे दाबले जातात आणि तो रेषेवर चिरतो. शेवटी वरची शीट. तिची बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसा, दोन मिनिटांत ती आपोआप लीडिंग एजच्या गोलाईसारखी वळते. फेविकॉल लावा, टाचण्या मारा, वर अर्धा किलो डाळीची पाकिटं ओळीने ठेवा आणि या हवेत पूर्ण २४ तास हात लावू नका. पेटी पाटावरच बंद झाली पाहिजे, खरी मेख तीच आहे.

गोंद_बहाद्दर (डोंबिवली)

सुतारकाकांशी सहमत, फक्त फेविकॉलबद्दल थोडं वेगळं सांगतो. लांब शीटिंगला तो ठीक, पण वेब सीएने (फेविक्विकच्या जातीचा झटपट गोंद) लावा. पाण्यातला गोंद सगळीकडे फासला की बाल्सा फुगतो, सुकताना आकसतो, आणि तुमचा पीळ बहुतेक तिथूनच आलाय: जोड आतून ओले असतानाच सांगाडा पाटावरून उचलला गेला असणार. जुलैच्या दमट हवेत फेविकॉल वरून कोरडा वाटतो, आतून नसतो.

पांढऱ्या भुकटीने जोड कच्चा होत नाही. सीएची वाफ हवेतल्या ओलाव्याशी मिळून आजूबाजूला बसते, एवढंच. पॉलिशपेपरने काढा, नाहीतर पंखावर इस्त्रीने चढवायची प्लास्टिक फिल्म त्या जागी नीट धरत नाही. फेविक्विकमुळे जोड खरोखर कच्चा राहतो तो फट असेल तर. पातळ सीए फट भरत नाही. नख सरकेल एवढी फट दिसली की बाल्साची कपची घाला किंवा मध्यम दाट सीए वापरा. सीए सुकल्यावर दगड होतो, शेजारचा बाल्सा लोण्यासारखा घासला जातो आणि मध्ये उंचवटा उरतो. म्हणून जिथे घासून गोलाई द्यायची, उदा. लीडिंग एज, तिथे फेविकॉलच.

मोटरची फायरवॉल (मोटर जिच्यावर बसते ती फळी), चाकांच्या तारेचा ठोकळा आणि पंखाचा मधला जोड या तीन जागी सीए नको, तो धक्क्याने तडकतो. तिथे साधा, सावकाश सुकणारा इपॉक्सी म्हणजे अ‍ॅराल्डाइट, रात्रभर. ५ मिनिटांचा इपॉक्सी घाईत लाकडात मुरत नाही.

सीएची बाटली हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नका, आत दव धरतं. खिडकी उघडी ठेवा, वाफ डोळ्यांना झोंबते.

रिब_मोजणारा

डावा पंख चिपवर ठेवून पाहिला, न दाबता बसतो. म्हणजे मोडायची गरज नाही. आणखी एक: किटमध्ये दोन्ही अर्धे कायमचे चिकटवायला सांगितलंय. दीड मीटरचा अखंड पंख आमच्या लिफ्टमध्ये मावत नाही.

सीजी_वाली (ठाणे)

लोकलमध्ये तर त्याहून नाही. पंख सुटा ठेवायचा का ते वेब लावायच्या आधीच ठरवा. ठेवायचा असेल तर: स्पारांच्या मध्ये, मुळाकडच्या चार रिब्जमधून कागदी नळी बसवा आणि तिच्यात सरकणारी १० मिमीची अ‍ॅल्युमिनियम किंवा कार्बन नळी घ्या. नळीभोवतीच्या रिब्जना दोन्ही बाजूंनी लाइट प्लायचा तुकडा डकवा, नाहीतर भोक लांबट होत जातं. मुळाच्या रिबमध्ये मागच्या बाजूला एक छोटी पिन हवीच, तिच्याशिवाय अर्धा पंख नळीवर फिरतो आणि एवढ्या मेहनतीने काढलेला पीळ परत येतो. डायहेड्रल (पंखाची टोकं मुळापेक्षा वर) असेल तर नळ्या त्या कोनात बसवाव्या लागतात, दोन्ही अर्धे पाटावर एकत्र मांडूनच चिकटवा.

आता वजन. किटमधल्या शीट्स स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून पेन्सिलीने आकडा लिहा. १.५×७५×९०० मिमीची एक शीट १२ ग्रॅम भरते आणि दुसरी २० ग्रॅमही भरू शकते. हलकी शेपटीला, जड मधल्या भागाला. कारण साधं आहे: शेपटी सीजीपासून (विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू) ७०० मिमी, नाक २५०, म्हणजे शेपटीत वाढलेल्या १० ग्रॅमला नाकात २८ ग्रॅम शिसं. सीजी लीडिंग एजपासून ५५ ते ६५ मिमीवर ठेवा, पहिल्या उड्डाणाला ५५. आधी बॅटरी सरकवून बघा, शिसं शेवटी.

मोटरची ताकद: १३०० ग्रॅमला किलोमागे २२० वॉट धरले तर २८५ वॉट होतात. ३ सेलच्या बॅटरीवर हे साधारण २६ अँपिअर, म्हणून ४० अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग नियंत्रक). २२०० एमएएच बॅटरी, सरासरी अर्धा थ्रॉटल आणि २० टक्के शिल्लक ठेवली तर ८ मिनिटं. मोटरचं तोंड २ अंश उजवीकडे, ३ अंश खाली. कनेक्टर, सिलिकॉन वायर लॅमिंग्टन रोडला मिळते.

खडूस_सुतार

तिसरा प्रश्न राहिला. बांधकाम चालू ठेवा, खोलीत एसी ड्राय मोडवर चालवता आला तर उत्तमच. फिल्म मात्र घाईने चढवू नका. दमट लाकडावर ताणलेली फिल्म नोव्हेंबरात लाकूड आकसलं की सुरकुतते. तयार सांगाडा गॅलरीत नको, कपाटावर आडवा ठेवा. भिंतीला टेकवून उभा ठेवला की पुन्हा वाकतो.

इस्त्रीचं तापमान रोलवर लिहिलेलं पाळा. आधी खालची बाजू, मग वरची, शिवण खाली ५-६ मिमी एकावर एक. वर आणि खाली आळीपाळीने ताणा, एकाच बाजूला सगळी उष्णता दिली तर पेटीमागचा भाग पिळतो. तिथे थोडा पीळ आलाच तर पंख उलट पिळून धरा, सुरकुत्यांवर इस्त्री फिरवा आणि गार होईपर्यंत सोडू नका. पेटीतला पीळ मात्र असा जात नाही.

सीजी_वाली

उडवायच्या जागेचंही आत्ताच बघून ठेवा. ड्रोन नियम, २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा लाल, पिवळी की हिरवी ते पाहा. सांताक्रूझ, जुहू आणि आता नवी मुंबई विमानतळामुळे शहरात बहुतेक ठिकाणी अडचण येते. शिवाय मुंबई पोलिसांचे ड्रोन आणि रिमोटवर उडणाऱ्या वस्तूंवर बंदीचे आदेश वेळोवेळी निघतात, ते चालू आहेत का ते तपासा. शिवाजी पार्कचा विचार सोडा.

कर्जत-नेरळकडे कापणी झालेली भातखाचरं चालतात, जागामालकाला विचारून आणि नकाशा बघून. तिथल्या बांधांवर पुढचं चाक आपटून फायरवॉल निघते, म्हणून सुरुवातीला चाकं काढून पोटाला फिल्मवर चिकटपट्टी लावा आणि हातातून सोडा. एलेरॉनच्या प्रत्येक बिजागरीला दोन्ही बाजूंनी पातळ सीएचे ३-४ थेंब द्या, तासाभराने ओढून बघा.