मदत हवी आहे: ठेकेदार बदलला, आईचा पगार अडकला

बावडेकर:
नमस्कार. आई सरकारी दवाखान्यात सफाईला आहे, अकरा वर्षं झाली. टेंडर नवीन निघालं, ठेकेदार बदलला आणि दोन महिने पगार नाही. वर बायकाही कमी केल्या. आधी चौदा होत्या, आता नऊ. वॉर्ड तेवढेच. हातमोज्यांचा जोड महिन्याला एक, तो फाटला की उघड्या हातानं फिनेल. काल रात्री ताटावर बसली तर बोटांची सालं निघालेली, भाकरी मोडता येईना. तक्रार कुठं करायची? सोमवारी रजा काढलीय, लवकर सांगा.

मिरजकर_तिठा:
दवाखाना राज्य शासनाचा, महापालिकेचा की झेडपीचा? नेमणूकपत्र आहे? पगार बँकेत येत होता की हातात? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

गृहिणी_शाहूपुरी:
ताईंना रात्री झोपताना खोबरेल लावून सुती मोजे घालायला सांगा. माझ्या सासूबाईंना फरक पडला.

लाँड्रीवाला:
मी दवाखान्यांच्या चादरी धुण्याची टेंडरं भरलीत, आतलं सांगतो. सगळ्यात कमी दर त्याला काम. मजुरीच्या 100 रुपयांमागे मालकाला पीएफचे 13 आणि ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, 3.25 भरावेच लागतात. साबण-फिनेलचा भाव ठेकेदाराच्या हातात नाही. मग दर पाडायचा कुठून? माणसं कमी करून. त्यात बिलं चार-चार महिने निघत नाहीत. ठेकेदारानं पगार खिशातून घालायचा का?

निवृत्त_लेखनिक:
होय, खिशातूनच. बिल निघो न निघो, पगार 7 तारखेच्या आत द्यायचा, हे कायद्यात आहे. एवढं भांडवल नसेल तर टेंडर भरू नये. ठेकेदारानं पगार थकवला तर जबाबदारी दवाखान्यावर येते, हेही कायद्यातच आहे. त्यामुळं अर्ज अधीक्षकांना लिहा, प्रत सहायक कामगार आयुक्तांना. दोन्हीकडं आवक-जावकचा शिक्का घ्या, तोंडी बोलून येऊ नका.

लाँड्रीवाला:
साहेब, तुमचा पगार 1 तारखेला झाला आयुष्यभर. दवाखान्यानं बिल वेळेत काढलं तर कोण कशाला थकवेल?

निवृत्त_लेखनिक:
दवाखान्यानं बिल काढताना मागच्या महिन्याचं पीएफ चलन आणि पगारपत्रक बघायचं असतं. बघत नाहीत, तिथंच घोळ आहे.

पुण्यात_कोल्हापुरी:
हे दुखणं आपल्यापुरतं नाही. ब्रिटनमध्ये 1983 साली सरकारी रुग्णालयांना सफाई, स्वयंपाक, लाँड्री यांची टेंडरं काढायला लावली, बचतीच्या नावाखाली. 2008 मध्ये स्कॉटलंडनं सफाईचे नवे खाजगी ठेके बंद करायचं ठरवलं. आपल्याकडं कधी?

मिरजकर_तिठा:
स्कॉटलंड राहू द्या, मूळ प्रश्नाचं काय? बावडेकर, आईचा यूएएन, म्हणजे पीएफ खात्याचा नंबर आहे का? पीएफचं पासबुक उघडून बघा.

बावडेकर:
दवाखाना राज्य शासनाचा, नाव इथं लिहीत नाही. नेमणूकपत्र कधीच दिलं नाही. पगार बँकेत यायचा. पासबुक आत्ता बघितलं, जुन्या ठेकेदाराचे हप्ते दिसतात, नव्याचा एकही नाही. हजेरी वहीत अंगठा घेतात, वही ठेकेदाराकडं.

निवृत्त_लेखनिक:
मग बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा, अकरा वर्षांचा पुरावा तोच. पीएफची तक्रार ऑनलाइनही होते. त्यासोबत 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीचा अधिकार टाका: करारात किती माणसं ठरली, बिल किती माणसांचं निघालं, आणि पगारपत्रकाची प्रत. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. करारात चौदा असतील आणि कामावर नऊ, तर तुमचं भांडण पगारापुरतं राहत नाही.

लाँड्रीवाला:
हे मात्र बरोबर. अर्ज एकटीच्या नावानं नको, उद्या कामावर घेणार नाहीत. सगळ्या जणींच्या सह्या घ्या.

बावडेकर:
चौघी तयार आहेत. आई अजून नको म्हणते, दिवाळीपर्यंत काम टिकू दे म्हणते. आज रात्री परत विचारतो. अर्जाचा मजकूर कुणी इथं टाकेल का?

गृहिणी_शाहूपुरी:
मी लिहून देते दादा, आधी वकिलांकडं टायपिंगला होते. दहा वाजेपर्यंत टाकते.