शब्दचर्चा : इग्बो लग्नातील ‘डाउरी’ला मराठीत काय म्हणावे?

अनुवादक : आग्नेय नायजेरियातील इग्बो ख्रिस्ती लग्नांवरील लेखाचे भाषांतर करताना अडलो आहे. वराने वधूच्या घराण्याला द्यायच्या रकमेला तिकडच्या इंग्रजीत सर्रास ‘डाउरी’ म्हणतात. १९५६ साली तिथल्या पूर्व विभागाने या रकमेवर ३० पौंडांची मर्यादा घालणारा कायदा केला, त्याच्या नावातही हाच शब्द आहे. मी ‘हुंडा’ लिहिले, ते संपादकांनी अर्थ उलटा होतो म्हणून खोडले.

पालघरकर : ‘देज’ असताना प्रश्न कशाला? वारली लग्नात नवऱ्याकडचे देज देतात, हे इकडे सर्वांना ठाऊक आहे.

शुद्धमती : पालघरबाहेर किती जणांना? ‘कन्याशुल्क’ हा निःसंदिग्ध शब्द आहे.

पालघरकर : निःसंदिग्ध खरा, पण शुल्क म्हटले की मनुस्मृतीतला निषेध आणि मुलगी विकणारा बाप आठवतो, उलट, मुलगी विकत नाही हे दाखवण्यासाठी पुढे केलेल्या पैशांतले थोडेच ठेवून बाकीचे परत करणारे इग्बो वधूपिते पुष्कळ आहेत.

अनुवादक : ‘देज’ तूर्त लिहून ठेवतो. दुसरा पेच असा, की जुन्या रीतीप्रमाणे घरातील ज्येष्ठ कोलाची बी (पाहुणचारात मानाने वाटायची कडसर बी) फोडताना पूर्वजांना हाक मारून ताडी जमिनीवर ओततात; अनेक ख्रिस्ती घरांत त्या जागी येशूच्या नावाने प्रार्थना होते. ताडी ओतण्याला ‘तर्पण’ चालेल का?

शुद्धमती : अर्थाने चालेल, परंतु वाचकाला श्राद्धपक्ष दिसू लागेल.

वसईचा : दिसला तर बिघडले काय? पूर्वजांना तृप्त करणे हाच तर तिथला वादाचा मुद्दा आहे; निरुपद्रवी शब्द योजलात, तर पाद्री कशाला हरकत घेतात तेच कळणार नाही. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडच्या मराठी ख्रिस्ती, लग्नांत ‘उंबराचे पाणी’ आजही वाजतगाजत आणतात, त्याला आम्ही रीत म्हणतो आणि चर्चमधल्याला संस्कार. भरल्या मांडवात वधू ताडीचा पेला घेऊन वराला शोधते, त्या ‘इग्बा न्क्वू’लाही ‘रीत’च म्हणा.

शुद्धमती : ही वाटणी चर्चच्या सोयीची झाली. ताडी नेल्याशिवाय ‘उमुन्ना’, म्हणजे वधूचे भाऊबंद, लग्न झाले असे मानतच नाहीत, मग त्यांच्या लेखी संस्कार कोणता?

वसईचा : ते भाऊबंद दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये पुढच्या बाकांवर बसलेले असतात, त्याचे काय?

अनुवादक : मंडळी, ‘देज’वर संपादकांचे अजून उत्तर आलेले नाही.