मदत हवी आहे: किनाऱ्यावर पाझरणाऱ्या भूजलातील नायट्रेट कसे तपासावे?

नमस्कार. सिंधुदुर्गातील आमच्या गावच्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटीला वाळूतून गोडे पाणी पाझरते आणि त्या ओघळांलगतच्या खडकांवर अलीकडे हिरवे शेवाळ दाट माजू लागले आहे. वरच्या सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) घरांचे शोषखड्डे असून जांभा सच्छिद्र असल्याने सांडपाण्यातील नायट्रेट (शेवाळाला पोसणारा नत्रयुक्त क्षार) भूजलासोबत थेट समुद्रात उतरत असावे, अशी मला दाट शंका आहे. पिण्याच्या पाण्यासाठी नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आहे. मात्र समुद्री जीवांना त्याहून पुष्कळ कमी प्रमाणही बाधते, म्हणून केवळ विहिरींचे अहवाल मला पुरेसे वाटत नाहीत. वाळूतील नमुना भरतीच्या पाण्याची भेसळ न होता कसा घ्यावा, सोबत क्षारता (पाण्याचा खारटपणा) मोजावी का आणि रेडॉन-२२२ (भूजलात समुद्राच्या पाण्यापेक्षा जास्त आढळणारा किरणोत्सारी वायू) वरून भूजलाचा माग काढण्याची सोय कोकणात कोठे आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.