गीक मुलगा म्हणजे बिचारा, असं का धरून चालतात?

वीस_बाजू (पुणे):

नमस्कार मंडळी. गीक म्हणजे कॉम्प्युटर, गेम, कॉमिक्स असल्या गोष्टींचं वेड असलेला, माझ्यासारखा. वय २९, सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडला काम करतो आणि शुक्रवारी रात्री आमचा ग्रुप डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९७४ साली अमेरिकेत निघालेला खेळ आहे, एकजण (डंजन मास्टर) गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात आणि फासे टाकून पुढे काय होतं ते ठरतं. स्क्रीन नाही काही नाही, चार-चार तास माणसं एकमेकांशी नुसती बोलत असतात.

घरी स्थळं बघणं चालू आहे. बायोडेटात छंद म्हणून मी हे लिहिलं होतं, आईने आणि मावशीने ते काढून 'वाचन, ट्रेकिंग' टाकलं. ट्रेकिंगला मी कधी जात नाही. मावशी म्हणते मुलीकडचे विचारतात, मुलगा एकलकोंडा नाही ना, चारचौघांत मिसळतो ना. ऑफिसमधल्या मैत्रिणी चांगल्या मनाच्याच आहेत पण त्याही मला राज कुथ्रपाली समजतात. बिग बँग थिअरी ही अमेरिकन कॉमेडी सिरियल २००७ ते २०१९ चालली, त्यातला हा आपला भारतीय सायंटिस्ट पहिले सहा सीझन दारू पोटात गेल्याशिवाय बाईशी बोलू शकत नाही, आणि लोक मला अजून विचारतात, तुला मुलींशी बोलायला जमतं का रे. जमतं. रोज जमतं. हे ऐकून खरंच वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे सगळे म्हणतात तुझ्याच ग्रुपमधली बघ. ग्रुपमध्ये एकच मुलगी होती. दोघातिघांनी तिला वेगवेगळं विचारलं, तिने नाही म्हटलं, आणि हल्ली ती येतच नाही. कुणी वाईट वागलं नव्हतं. मग असं का झालं? आणि गीक माणसाने गीक लोकांतच शोधावं हे खरं आहे का?

फासेवाली:

तुझ्या ग्रुपमधली ती मी नाही, पण माझ्या टेबलवर मीपण एकटीच होते म्हणून लिहिते. कुणी वाईट वागलं नव्हतं म्हणतोस ना, आता ते तिच्या बाजूने बघ. पहिला विचारतो, ती नीट नाही म्हणते. पुढच्या शुक्रवारी तो गप्प गप्प, त्याचं पात्र तिच्या पात्राला मदत करेनासं होतं. मग दुसरा विचारतो. त्याच्यासाठी हे पहिल्यांदाच असतं, तिच्यासाठी दुसऱ्यांदा, आणि आता फासा हातात घेतला तरी तिच्या मनात हेच, की हे सगळे माझ्याबरोबर खेळायला बसलेत का आपला नंबर कधी लागतो ते बघतायत. तिला कुणीच त्रास दिला नाही आणि तरी तिचा खेळ गेला. तुमचा कुणाचा गेला नाही.

लाजाळू गीकची ही जी इमेज आहे ती मला म्हणूनच सहन होत नाही, ती मुलांना बिचारं ठरवते आणि वर त्याच कारणाने सूटही देते. आमच्या ग्रुपमधला एकजण नको म्हटल्यावरही रात्री दोनला मेसेज करायचा, बाकीच्यांना सांगितलं तर 'अगं तो तसाच आहे, त्याला कळत नाही, मनाने चांगला आहे'. कळत नाही कसं? तीनशेच्या वर पानांचं रूलबुक तोंडपाठ आहे त्याला!

आणि हे आजचं नाही. १९८४ मध्ये रिव्हेंज ऑफ द नर्ड्स नावाचा पिक्चर आला, त्यात हिरो दुसऱ्याचा मुखवटा घालून त्याच्या गर्लफ्रेंडला फसवतो, तिच्याशी सेक्स करतो, आणि पिक्चर ते हिरो जिंकला म्हणून दाखवतो. बिग बँगमधला हॉवर्ड सुरुवातीला पेनीच्या मागे लागतो तेही हसण्यावारी. २०१४ मध्ये न्यूयॉर्क कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्सवाल्यांच्या मेळाव्याला, बोर्ड लावावे लागले की कॉस्प्ले (आवडत्या पात्राचा वेश करणं) म्हणजे संमती नव्हे. एवढं साधं, आणि बोर्ड लावावे लागले.

दूरचा_सांगलीकर (सिएटल):

दोघांचंही पटलं. थोडा इतिहास सांगतो, कारण कॉम्प्युटरचं वेड म्हणजे एकलकोंडा पुरुष हे चित्र मुळातलं नाहीच. १९४६ चा कॉम्प्युटर एनिअ‍ॅक, त्याच्या पहिल्या प्रोग्रॅमर सहा बायका होत्या. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या डिग्रीत मुली वाढत वाढत १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांपर्यंत गेल्या आणि मग घसरत घसरत निम्म्यावर आल्या. त्याच काळात घरोघरी पर्सनल कॉम्प्युटर आले, जाहिरातीत मुलगा, घरातलं मशीन मुलाच्या खोलीत. कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि अ‍ॅलन फिशर यांनी नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतल्या त्यात हेच निघालं. मुलींना वाटायचं, मी काय रात्रंदिवस कोडची स्वप्नं बघत नाही, म्हणजे ही जागा माझी नव्हे. मग कॉलेजने प्रवेश देताना आधीच्या प्रोग्रॅमिंगच्या अनुभवाला द्यायचं वजन कमी केलं, नवख्यांसाठी वेगळे कोर्स ठेवले, आणि १९९५ ला नव्या बॅचमध्ये ७ टक्के मुली होत्या त्या २००० ला ४२ टक्के झाल्या. पाच वर्षांत मुलींचा स्वभाव तर बदलला नसणार.

आमच्या सांगलीच्या वर्गात मुली होत्या, पहिला नंबरही मुलीचाच, त्यामुळे इकडे आल्यावर लॅबमध्ये नुसते पुरुष बघून मी चक्रावलो होतो. पुण्यात आयटीत मुली भरपूर आहेत, मग तुमच्या टेबलवर एकच का? अवांतर वाटेल, पण सेशन किती वाजता संपतं?

आजोळ (कोथरूड):

सेशन कधी संपतं हेच मीही विचारणार होते. माझ्या मुलीच्या हॉस्टेलचं गेट दहाला बंद होतं, पीजीवाल्या काकूही साधारण त्याच वेळेला कुलूप लावतात. मध्यरात्रीपर्यंत कुणाच्या तरी फ्लॅटवर, सगळे मुलगे, तिथे घरचे पाठवतील का, आणि पाठवलं तरी परतीला रिक्षा मिळाली पाहिजे. नंतर मग म्हणतात मुलींना आवडच नसते.

आणि बाळा, ते ट्रेकिंग आधी काढ. समोरच्या मुलीने विचारलं राजगडला कुठल्या वाटेने गेलात तर काय सांगशील? 'मित्रमंडळी जमून गोष्ट रचत खेळायचा खेळ, दर आठवड्याला' असं सरळ लिही, चारचौघांत मिसळतो का याचं उत्तर त्यातच आलं. आईवर चिडू नकोस, तिने हे कधी बघितलंच नसेल. एकदा समोर बसवून दाखव.

साधा_माणूस:

सगळं ठीक आहे पण खरं सांगू का, मुलींना गीक नकोच असतात. माझ्या डेटिंग अ‍ॅपच्या प्रोफाइलवर मांगाच्या (जपानी कॉमिक्सच्या) कलेक्शनचे फोटो आहेत, महिनोन्महिने एक मॅच नाही. गीक मुलगीच हवी, तिला काही समजावत बसावं लागत नाही, पण त्या मुळात कमी आणि आहेत त्या आधीच कुणाच्या तरी. मग ग्रुपमध्ये आहे तिला माणूस विचारणारच ना, दुसरीकडे कुठे भेटणार?

फासेवाली:

@साधा_माणूस, महिनोन्महिने मॅच न येणं दुखतं, ते मी हलकं घेत नाहीये. पण 'गीक मुलगीच हवी' यात ती मुलगी कोण हे कुठेच आलं नाही, फक्त तुझे रेफरन्स तिला कळावेत एवढंच आलं. आणि खरोखर एखादी आली की तिची परीक्षा सुरू होते, अमुक पात्राचं नाव सांग, तमुक कॉमिकचा इश्यू वाचलास का. अमेरिकेत २०१२ च्या सुमारास 'फेक गीक गर्ल', म्हणजे गीक असल्याचं नाटक करणारी मुलगी, असं मीमच फिरत होतं. म्हणजे हवीही तीच आणि भरवसाही तिच्यावर नाही.

माझ्या नवऱ्याने आयुष्यात हा फासा हातात घेतलेला नाही. ऑडिटच्या कामाने महिन्यातले कितीतरी दिवस तो इचलकरंजीला असतो. घरी असला आणि माझं सेशन असलं की स्वयंपाक तो बघतो, दुसऱ्या दिवशी चहा घेताना विचारतो काल काय झालं, सगळ्या पात्रांची नावं चुकवतो, पण विचारतो. मला एवढं भरपूर आहे. सारख्या आवडीने पहिल्या काही भेटी सोप्या जातात हे मान्य, पण मला ताप आलाय आणि याला उद्या डेडलाईन आहे, तेव्हा हा कसा वागेल हे काही त्यातून समजत नाही.

विचारायला कुणी मनाई केलेली नाही रे. आधी ओळख होऊ दे, टेबलाबाहेर विचार, एकदाच विचार, आणि नाही म्हणाली तर पुढच्या सेशनला तिच्या पात्राला आधीसारखंच हील कर, म्हणजे खेळात तिच्या जखमा बऱ्या कर.

वीस_बाजू:

सगळ्यांचे मनापासून आभार. आमचं सेशन नऊला सुरू होतं, दीडला संपतं, एकाच्या बॅचलर फ्लॅटवर. हा धागा ग्रुपवर टाकला, बरीच चर्चा झाली, रविवारी दुपारी तीन ते सात करायला बहुतेक सगळे तयार आहेत, डंजन मास्टरची रविवारची क्रिकेट मॅच असते तेवढं बघावं लागेल. ती अजून ग्रुपवर आहे. तिला मी वेगळा मेसेज करणार नाही, नवी वेळ ग्रुपवरच टाकतो, यायचं की नाही ते ती ठरवेल. आणि ज्यांनी तिला विचारलं होतं त्यांनी फासेवालींचा पहिला प्रतिसाद वाचलाय, त्यातल्या एकाचा फोन आला होता, बराच वेळ बोललो.

आजोळताई, बायोडेटा बदलला. आईला रविवारी बोलावलंय, ती एका सेशनपुरतं पात्र घेणार म्हणतेय, पण तिला लढाई नको, तिला गावात किराणा दुकान चालवणारी बाई व्हायचंय. पहिल्या लेव्हलला असं पात्र कुणी खेळवलंय का? कुठला क्लास (पात्राचा प्रकार, योद्धा, जादूगार वगैरे) द्यावा?